एका झाडाची दहा पाने

(अध्यक्षीय भाषण)

जीवशास्त्र, वनशास्त्र आणि मानवी हालचालींचे शास्त्र या तीन शाखांतील पदव्युत्तर संशोधन एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नाही. प्रयोगशाळा वेगळ्या, परीक्षक वेगळे, नियतकालिके वेगळी. तरीही तिन्हीकडचे प्रबंध बहुधा एकाच जागी अडखळतात: मोजून आणलेल्या आकड्यांपैकी एकमेकांपासून स्वतंत्र किती, हे ठरवण्यात. एका झाडाची दहा पाने म्हणजे दहा झाडे नव्हेत, आणि एका नर्तकीची दहा पावले म्हणजे दहा नर्तकी नव्हेत. अमेरिकी परिस्थितिकीतज्ज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये आपल्या शाखेतील छापून आलेले प्रयोग तपासले. संख्याशास्त्रीय कसोटी लावलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत त्यांना हा दोष आढळला. तो विद्यार्थ्यांपुरता नाही, प्राध्यापकांचाही आहे. विद्यार्थी तो बहुतेकदा त्यांच्याकडूनच उचलतो.

तिरुनागेश्वरम् हे कुंभकोणमजवळचे गाव या प्रश्नाच्या अभ्यासाला फार सोयीचे आहे. नागनाथस्वामींच्या देवळाचा स्थलवृक्ष, म्हणजे मानाचे झाड, सोनचाफा असून परिसराचे जुने नाव चंपकारण्य असे सांगतात. देऊळ राहूचे स्थान म्हणून प्रसिद्ध आहे. राहुकाळातल्या अभिषेकाचे दूध निळे दिसते, अशी श्रद्धा आहे. बाहेरचा माणूस त्या निळाईबद्दलच आधी विचारतो. वनशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र झाडाबद्दल विचारावे. ज्या गावाच्या जुन्या नावात अरण्य आहे, त्याच्या भोवती आज भातशेती, केळीच्या बागा आणि पाट आहेत. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या आतल्या भागात राखीव जंगल जवळजवळ नाहीच. जुन्या वनस्पतींची आठवण उरली आहे ती देवळांच्या आवारात आणि गावांच्या नावांत.

स्थलवृक्षावर प्रबंध लिहिताना पहिली चूक वयाची होते. परंपरा हजार वर्षांची असली तरी झाड हजार वर्षांचे असतेच असे नाही. जुने झाड पडले की त्याच जागी नवे लावतात, आणि मान मात्र तोच चालू राहतो. वय काढण्यासाठी खोडाला छिद्र पाडून वाढीची वलये मोजायची, हा सागासारख्या झाडांना लागू पडणारा मार्ग देवळात बंदच असतो, आणि तो बंद आहे हे बरेच आहे. उरते ती नम्र रीत. भारतीय वनखात्याच्या पद्धतीप्रमाणे जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर घेर मोजायचा, खोडाला धातूची सैल पट्टी बांधून वाढ टिपायची, कळी कधी आली आणि फूल कधी गळले याच्या तारखा लिहायच्या. यातून मिळते ते त्या एका झाडाचे चरित्र. चरित्राला किंमत आहे. फक्त त्याला जातीचा इतिहास म्हणू नये.

अनेक झाडे हवी असतील तर अनेक देवळे धरावी लागतात, आणि इथे विषयाला खरी गोडी येते. शेजारच्या तिरुविडैमरुदूरचा स्थलवृक्ष अर्जुन. गावाच्या नावातला ‘मरुदु’ तोच. तो नदीकाठचा वृक्ष असल्याने तिथे त्याचे आश्चर्य वाटत नाही. चिदंबरमचा ‘तिल्लै’ मात्र कोड्यात टाकतो. कोकणात गेवा म्हणून ओळखला जाणारा हा खारफुटीचा वृक्ष. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टी जाण्याची भीती. चिदंबरम गावात आज तो नाही. तो आहे पूर्वेकडे, पिच्चावरमच्या खाडीत. पूर्वी खारे पाणी गावापर्यंत येत होते काय, की नाव आणि झाड दोन्ही दुसरीकडून आले, हा प्रश्न गाळातील परागकण तपासून सोडवण्यासारखा आहे. महाराष्ट्रात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनीही एका रायीवर न थांबता पश्चिम घाटातील अनेक राया पाहिल्या. श्रद्धेने राखलेली जमीन शास्त्राच्या नोंदवहीत आली, याचे बरेचसे श्रेय त्या पायपिटीला जाते.

भाताच्या शेतात हीच अडचण वेगळ्या रूपात भेटते. तिरुनागेश्वरमपासून जवळच आडुतुरै येथे भात संशोधन केंद्र आहे. नावापुढे ‘एडीटी’ लावलेली वाणे तिथली. एखाद्या वाणाचे उत्पन्न काढताना शेतात किती मोठा तुकडा कापावा, यावर १९४० च्या दशकात भारतात मोठा वाद झाला. प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. सातारा जिल्ह्यातील बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान असला तर उत्पन्न फुगते. कारण साधे आहे. चौकटीच्या कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, हे कापणारा क्षणात ठरवतो, आणि त्याचा हात आत घेण्याकडे झुकतो. तुकडा जितका लहान तितकी त्याच्या मानाने कड मोठी, म्हणून चूकही मोठी. कुंभकोणमच्या पट्ट्यात त्यात आणखी एक भर पडते. एकाच पाटाचे पाणी घेणारी शेते एकमेकांसारखीच वागतात, म्हणून पाच बांध ओलांडून घेतलेले पाच नमुने पुष्कळदा एकाच पाटाचा एक नमुना ठरतात. विनायक गोविंद पानसे आणि सुखात्मे यांचे शेती संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ मध्ये निघाले. कृषी महाविद्यालयांत ते अजून हाताळले जाते. त्यातली रचनेची प्रकरणे मात्र कसोट्यांच्या प्रकरणांपेक्षा कमी वाचली जातात, आणि नुकसान नेमके तिथेच होते.

मानवी हालचालींच्या शास्त्राला तंजावर प्रांताइतकी तयार सामग्री क्वचितच कुठे मिळेल. भरतनाट्याचा आज रूढ असलेला अलारिप्पू ते तिल्लाना हा क्रम तंजावरच्या चार भावांनी, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू यांनी बसवला. त्यांना आश्रय होता मराठी राजा दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांचा. सरफोजींच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी पदेही आहेत. त्याहून जुनी सामग्री दगडात आहे. तंजावरच्या बृहदीश्वराच्या वरच्या दालनात नृत्याच्या १०८ करणांपैकी, म्हणजे मूलभूत हालचालींपैकी, ८१ कोरलेली आहेत. कुंभकोणमच्या शार्ङ्गपाणी देवळाच्या गोपुरावरही करणांच्या मूर्ती आहेत. पद्मा सुब्रह्मण्यम् यांनी याच करणांवर डॉक्टरेटचे संशोधन केले. त्यांचा आग्रह असा की करण म्हणजे ठेवलेली मुद्रा नव्हे, तर हातापायांची चालू हालचाल. शिल्पकाराने त्या हालचालीतला एक क्षण पकडला आहे. आधीचा आणि नंतरचा भाग शरीरानेच भरून काढायचा असतो.

जिवंत नर्तकीचे मोजमाप अरैमंडीपासून सुरू करणे बरे. गुडघे बाहेर वळवलेली ही अर्धी बैठक. कोनमापकाचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर, एक भुजा मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाकडे, दुसरी घोट्याकडे. घामाने खुणेची टिकली दोन अंगुळे सरकली तरी कोन बदलतो, म्हणून प्रत्येक फेरीआधी खूण नव्याने लावावी लागते. टिकली सांभाळली तरी मोठा धोका उरतोच. एका गुरूच्या वीस शिष्या मोजल्या तर अरैमंडीपेक्षा त्या गुरूची शिस्तच मोजली जाते. भातलावणी करणाऱ्या बायकांच्या कमरेवरचा ताण मोजतानाही एकाच मुकादमाच्या टोळीत हेच घडते. वेग टोळी ठरवते, एकेक बाई नव्हे.

माणूस स्वतःही रोज सारखा नसतो. सुखात्मे यांनी उत्तरायुष्यात आहाराच्या प्रश्नात हाच मुद्दा लावून धरला: एकाच निरोगी माणसाची उष्मांकांची गरज आठवड्यागणिक वर-खाली होते, म्हणून एका दिवसाच्या खाण्यावरून कोणाला कुपोषित ठरवू नये. त्यातून त्यांनी काढलेले धोरणविषयक निष्कर्ष वादग्रस्त ठरले, आणि तो वाद योग्यच होता. मोजमापाचा मुद्दा मात्र टिकला. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्याची चाल पहिल्या मुक्कामाला मोजली आणि शेवटच्या मुक्कामाला मोजली, तर माणूस एकच असला तरी आकडे दोन माणसांचे वाटावेत. तिथे एका माणसाची अनेक मोजमापे हा दोष राहत नाही. तोच अभ्यासाचा विषय होतो. मात्र गणित त्याप्रमाणे मांडावे लागते.

शेवटची अडचण वर्षाची. दोन वर्षांच्या पदवीत सोनचाफ्याचे बहर मोजकेच हाती लागतात आणि ईशान्य मोसमी पाऊस दोनदाच पडतो. विद्यार्थी रजा घेऊन राबला तरी तिसरा पाऊस काही येत नाही. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे ब्रॉडबाल्क शेतातला गव्हाचा प्रयोग १८४३ पासून चालू आहे, तो पिढ्यांनी एकमेकांच्या हाती दिला म्हणून. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजींच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि डोळ्यांची चित्रे आहेत. दोनशे वर्षांनंतरही ती वैद्यांना वाचता येतात, कारण कोणी तरी ती जपून ठेवली. विद्यापीठांत मात्र विद्यार्थी गेला की झाडावरची पट्टी गंजते आणि वही त्याच्या घरच्या माळ्यावर जाते. झाड, शेताचा तुकडा आणि नर्तकींची यादी विभागाच्या नावावर असावी. खुणेची उंची, मोजण्याची वेळ, पाटाचे नाव आणि गुरूची परंपरा प्रबंधाच्या परिशिष्टात असावी. आणि पुढच्या विद्यार्थ्याला नवा विषय देण्याआधी जुनी वही द्यावी.