त्सावोचा पूल आणि हत्तींची वाट

(बिलासपूर येथे मंडळाच्या गणेशोत्सवात, पडद्यावर छायाचित्रे दाखवून दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला या भाषणाचे आमंत्रण देताना सेक्रेटरींनी एकच अट घातली होती. "सिंह भरपूर दाखवा, रूळ कमी दाखवा." अट पाळायची माझी इच्छा होती, पण केनियात ते जमत नाही. तिथल्या सिंहांच्या गोष्टीत रूळ आहेत आणि रुळांच्या गोष्टीत सिंह आहेत. शिवाय मी पडलो डिप्लोमा करून पी-वेमध्ये लागलेला माणूस. वीस-बावीस वर्षे भराव, मोऱ्या आणि स्लीपर पाहण्यात गेली. बायको जिराफाकडे बोट दाखवत असताना माझे डोळे खाली बॅलास्टकडे, हे तिने तुम्हाला आधीच सांगितले असेल.

आम्ही तिघे २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेलो. मोंबासा, तिथून रेल्वेने वोई, मग त्सावो, नैरोबी आणि शेवटी मसाई मारा, असा बारा दिवसांचा बेत होता.

सुरुवात शब्दापासून करतो. 'सफारी' हा शब्द आपल्याला इंग्रजी वाटतो, पण तो स्वाहिली आहे आणि त्याचा साधा अर्थ प्रवास. अरबी 'सफर'पासून तो तयार झाला. तोच 'सफर' आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला. आमचा ड्रायव्हर कामाला निघताना घरी फोनवर 'सफारी' म्हणायचा, तेव्हा त्याच्या डोक्यात सिंह नसायचा, नुसता पल्ला असायचा. स्वाहिलीत दुकानाला 'दुका', विम्याला 'बिमा', लाखाला 'लाकी' आणि गाडीला 'गारी' म्हणतात. आणि आगगाडीला? 'गारी ला मोशी', म्हणजे धुराची गाडी. आपण आग पाहिली, त्यांनी धूर पाहिला, एवढाच फरक.

हे शब्द व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर आणि नंतर रेल्वेबरोबर तिकडे गेले. मोंबाशाच्या बंदरावर फोर्ट जीझस नावाचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी तो १५९३ साली बांधायला घेतला. त्याचा आराखडा करणारा इटालियन स्थापती काइराती पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातल्या मुलखाचा मुख्य स्थापती होता आणि तो वारला तो गोव्यात. किल्ल्याचा कारभारही गोव्याच्या व्हाइसरॉयकडून चाले. पुढे ओमानच्या अरबांनी १६९६ ते १६९८ असा वेढा घातला, तेव्हा आतले लोक गोव्याहून येणाऱ्या कुमकेकडे डोळे लावून बसले होते. त्या तटावर उभे राहून समुद्र पाहताना पलीकडचा किनारा आपलाच, हे ध्यानात येते.

आता रूळ. युगांडा रेल्वेचे काम १८९६ साली मोंबाशाहून सुरू झाले. आपली बंगाल नागपूर रेल्वे १८८७ ची, म्हणजे ही तिच्याहून नऊ वर्षांनी धाकटी. गेज मीटर, कारण हिंदुस्थानात मीटर गेजचा अनुभव होता आणि सामानही मिळत होते. मे १८९९ मध्ये लाइन ३२७ व्या मैलाजवळ एका दलदलीच्या माळावर पोहोचली. पुढे चढण होती, म्हणून तिथे डेपो आणि यार्ड टाकले. मसाई लोक त्या जागेला 'थंड पाणी' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. त्याचे झाले नैरोबी. आज राजधानी असलेले हे शहर मुळात एक रेल्वे कॉलनी आहे, हे सांगायला मला विशेष आनंद होतो. डिसेंबर १९०१ मध्ये लाइन व्हिक्टोरिया सरोवराला टेकली.

हे काम करायला ब्रिटिश हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२ हजार माणसे करारावर नेली. त्यांतले सुमारे अडीच हजार तिकडेच मेले. साडेसहा हजारांहून थोडे अधिक तिथेच राहिले, बाकीचे परतले, त्यांतले कित्येक कायमचे अपंग होऊन.

या मृत्यूंतले थोडेसेच जगाला ठाऊक आहेत, कारण ते सिंहांनी घडवले. मार्च १८९८ मध्ये पॅटरसन नावाचा इंजिनिअर त्सावो नदीवर पूल बांधायला आला आणि त्याच सुमारास दोन बिनआयाळीचे नर सिंह रात्री तंबूंतून माणसे ओढून नेऊ लागले. काटेरी कुंपणे झाली, धुन्या पेटल्या, पिंजरा झाला. काहीच उपयोग झाला नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला मजुरांनी येणाऱ्या मालगाडीपुढे रुळांवर अंग टाकून ती थांबवली आणि सामानासकट तीत चढून शेकडो जण निघून गेले. पुलाचे काम तीनेक आठवडे बंद. ९ डिसेंबरला पहिला सिंह मारला गेला, २९ ला दुसरा. त्यांची कातडी १९२४ साली शिकागोच्या फील्ड म्यूझियमने विकत घेतली. किती माणसे खाल्ली? पॅटरसनने पुढे १३५ हा आकडा सांगितला. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याच सिंहांची हाडे आणि केस तपासून अंदाज काढला तो ३५ च्या आसपास.

मित्रहो, आपण आकडेमोड करणारी माणसे आहोत. अडीच हजारांतले पस्तीस. बाकीचे हिवतापाने, हगवणीने, अपघातांनी गेले. सिंहांवर १९९६ साली हॉलिवूडचा चित्रपट निघाला, आपले ओम पुरी त्यात होते. हगवणीवर चित्रपट निघत नाही. मी त्सावोच्या पुलाजवळ उभा राहिलो तेव्हा गाइडने सिंहांची गोष्ट रंगवून सांगितली. त्या बाकीच्या माणसांबद्दल विचारले, तर म्हणाला, "ती तुमची माणसे, तुम्हाला माहीत असायला हवे." उत्तर थोडे झोंबले, पण चुकीचे नव्हते. केनियाने २०१७ साली आशियाई वंशाच्या नागरिकांना देशातली ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली, त्याची सुरुवात या भरावावर आहे.

नैरोबीच्या रेल्वे म्यूझियममध्ये एक जुना इन्स्पेक्शनचा डबा आहे. जून १९०० मध्ये किमा स्टेशनजवळ तो साइडिंगला उभा होता. स्टेशनात धुमाकूळ घालणाऱ्या सिंहाला मारायला रायल नावाचा पोलीस अधिकारी त्यात दोन सोबत्यांसह बसला होता. पहाऱ्यावर त्याचा डोळा लागला. सिंह सरकत्या दाराने आत शिरला, त्याच्या वजनाने डबा कलला आणि दार आपोआप बंद झाले. आत तीन माणसे आणि एक सिंह. शेवटी रायलला उचलून तो खिडकीतून गेला. सलूनमधून रात्रीची तपासणी करणाऱ्या आमच्या साहेबांना मी हा फोटो मुद्दाम दाखवला. तिथेच ५९ क्लासची गॅरट इंजिने उभी आहेत, मीटर गेजवरची जगातली सर्वांत जड वाफेची इंजिने, प्रत्येकीला एकेका डोंगराचे नाव. बीएनआरच्याही गॅरट होत्या, त्यांतली एक दिल्लीच्या म्यूझियममध्ये आहे. जुन्या माणसांना आठवण येईल.

आता आजची लाइन. मे २०१७ मध्ये मोंबासा ते नैरोबी नवी स्टँडर्ड गेज लाइन सुरू झाली, सुमारे ४७२ किलोमीटर, चिनी कंपनीने बांधलेली आणि चिनी कर्जाची. पूर्वी रात्रभर लागणारा प्रवास आता पाचसहा तासांत होतो. ही लाइन त्सावोच्या अभयारण्यातून जाते. पूर्व आणि पश्चिम त्सावो मिळून वीस हजार चौरस किलोमीटरहून मोठे जंगल, आणि त्याच्या मधोमध एकमेकांना लागून तीन अडथळे: जुनी मीटर गेज, मोंबासा महामार्ग आणि आता नवा उंच भराव. या परिसरात २०२१ च्या गणनेत सुमारे १५ हजार हत्ती मोजले. १९८८ मध्ये हस्तिदंताच्या चोरट्या शिकारीमुळे ते सहा हजारांच्या आसपास उरले होते. तिथली माती लाल, हत्ती ती अंगावर उडवतात, म्हणून हत्तीही विटेच्या रंगाचे दिसतात. माझ्या मुलीला ते रंगवलेलेच वाटले.

नव्या भरावात वन्यप्राण्यांसाठी खास सहा भुयारी वाटा ठेवल्या आहेत, शिवाय नदीनाल्यांवरचे पूल आणि मोऱ्या. लाइन बांधत असताना, २०१६ साली, दहा हत्तींच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेले पट्टे बांधले आणि ते कुठून ओलांडतात याची नोंद ठेवली. हत्ती त्या वाटांनी जाऊ लागले, बहुतेक रात्री. पण गंमत पाहा, हत्ती रेल्वेखालून सुखरूप बाहेर आला की पुढ्यात महामार्ग. तिथे त्याच्यासाठी वाट नाही, फक्त ट्रक. एका खात्याने काम केले, शेजारच्याने केले नाही. हे मला कुणी समजावून सांगावे लागले नाही.

वोईजवळ एका भुयारी वाटेचा फोटो मी बराच वेळ काढत बसलो. हा पाहा. भरावाच्या दोन्ही अंगांना कुंपण आहे, ते नरसाळ्यासारखे वाटेच्या तोंडाशी येते. खाली जमीन तशीच, लाल, काँक्रीट नाही. लीद पडलेली, म्हणजे वापर चालू आहे. आपण भराव घालताना पाण्याचा हिशेब करतो. नाल्याचे पाणलोट क्षेत्र किती, पन्नास वर्षांतला मोठा पूर किती, त्यावरून वॉटरवे किती ठेवायचा. मोरी लहान ठेवली तर पाणी भराव फोडून जाते, म्हणून कोणीही तिथे काटकसर करत नाही. हत्तीही पाण्यासारखाच ठरलेल्या वाटेने वाहतो, आजीच्या काळापासूनच्या वाटेने. त्याचा पूर मात्र आमच्या कोष्टकात बसवलेला नाही.

नैरोबीत याची दुसरी बाजू दिसते. शहराला खेटून असलेले तिथले राष्ट्रीय उद्यान देशातले पहिले, १९४६ चे, ११७ चौरस किलोमीटर. लाइनचा पुढचा टप्पा त्याच्या पोटातूनच नेला. विरोध झाला, २०१६ मध्ये पर्यावरण न्यायाधिकरणाने काम थांबवायचा हुकूमही दिला, तरी पूल झालाच. सुमारे साडेसहा किलोमीटर लांब, उंच खांबांवर. २०१९ मध्ये गाड्या सुरू झाल्या. खालून जिराफ जातात. पूल म्हणून तो मला आवडला. पण शहराजवळचे रान हीच नव्या लाइनसाठी नेहमी सर्वांत स्वस्त जमीन ठरते, हेही दिसले.

मसाई माराबद्दल फार बोलत नाही, कारण फोटोच बोलतील. दीड हजार चौरस किलोमीटर गवत, आणि जुलै ते ऑक्टोबर सेरेंगेटीतून येणारे दहा लाखांहून जास्त वाइल्डबीस्ट. नदी ओलांडायला ते तासन् तास काठावर रेंगाळतात. एक उतरला की सगळे उतरतात, अगदी लोकल आल्यावर दादरचा जिना. अडचण एवढीच की एका चित्त्याभोवती आम्ही वीस-बावीस गाड्या मोजल्या. रेडिओवर एकाने सांगितले की सगळे धावतात. मुलगी म्हणाली, "बाबा, त्याला शिकार कशी करू देणार?" आम्ही ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला सांगितली. त्याला आश्चर्य वाटले, वाईट वाटले नाही.

मसाई वस्तीत पैसे भरून जाता येते. उंच उड्यांचा नाच, काटक्या घासून विस्तव. पहिल्यांदा मला तो देखावा वाटला आणि थोडे अवघडल्यासारखे झाले. मग बायको घरांकडे वळली. तिथली घरे बायका बांधतात, काटक्यांवर माती आणि शेण लिंपून. हिने भिंतीवर हात फिरवून "सारवण छान आहे" म्हटले, गाइडने ते भाषांतर करून सांगितले आणि मग अर्धा तास बायकांचेच चालले. मला एका तरुणाने विचारले, तुझ्या गाई किती? रेल्वे क्वार्टरमध्ये गाई ठेवू देत नाहीत म्हटल्यावर त्याने माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिले. त्याच्याकडूनच कळले की मारा राखीव क्षेत्राच्या बाहेर मसाई कुटुंबे आपल्या जमिनी एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाड्याने देतात आणि दरमहा भाडे घेतात. गेल्या वीसेक वर्षांत हे वाढले आहे. कुंपण घालायचे नाही, गाड्या मोजक्याच. सिंहाने गाय नेली तरी सिंह पाहायला येणाऱ्याचे भाडे येते. नाचापेक्षा मला हा हिशेब जास्त पटला.

आता आपल्याकडे येतो, कारण समोर लोको पायलट बसले आहेत. झारसुगुड्याच्या पुढे चक्रधरपूरकडे हत्तींच्या पट्ट्यातल्या वेगमर्यादांबद्दल आपण लॉबीत काय बोलतो ते मला ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात, आपल्याच गोंदिया-बल्लारशा लाइनवर, वाघाची तीन पिल्ले गाडीखाली गेली. वळणावर रात्रीच्या गाडीला ब्रेक लावायला किती अंतर लागते हे या सभागृहात सर्वांना माहीत आहे. चालकाच्या हातात तिथे फारसे काही नसते. जे असते ते भरावात, आणि भराव आमचा.

काही गोष्टी होतही आहेत. हत्ती मधमाश्यांना घाबरतात, हे केनियात लूसी किंग यांनी अभ्यासातून दाखवले आणि त्सावोजवळ शेतांभोवती तारेवर पोळ्यांच्या पेट्या टांगल्या. हत्ती तारेला लागला की पेट्या हलतात. तोच धागा धरून आपल्या ईशान्य सीमांत रेल्वेने २०१७ च्या सुमारास रुळांजवळ मधमाश्यांच्या आवाजाचे भोंगे लावले. २०२२ पासून तिथेच ऑप्टिकल फायबरच्या तारेतून हत्तीच्या पावलांचा कंप ओळखणारी यंत्रणा बसवायला सुरुवात झाली.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रातच घ्या आणि कार्ड जपा, परत येताना आपल्याच विमानतळावर विचारतात. जानेवारी २०२४ पासून व्हिसा नाही, पण निघण्यापूर्वी ऑनलाइन परवाना काढावा लागतो. आणि वोईला उतरायचे असेल तर मधल्या स्टेशनांवर थांबणाऱ्या गाडीचेच तिकीट घ्या.

माझे संपले. आता दिवे लावण्याआधी लोको विभागातल्या मंडळींना विनंती आहे की रात्री पुढे हत्ती दिसतो तेव्हा केबिनमध्ये नेमके काय घडते, ते त्यांनी सांगावे. पी-वेवाले इथे बरेच आहेत, त्यांनी ऐकावे.