विखुरलेल्या पेन्शनचा एकत्र हिशेब

इंग्लंडमधील स्विंडन या शहरात गोव्याची माणसे पुष्कळ आहेत. एके काळी हे गाव रेल्वेच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध होते. तो कारखाना १९८६ साली बंद पडला. पुढे मोटारींच्या कारखान्याने गावाला आधार दिला, तोही २०२१ साली बंद झाला. दरम्यानच्या काळात पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधाराने गोव्यातून गेलेली कितीतरी कुटुंबे तेथे स्थिरावली आणि गोदामांत, कारखान्यांत, उपाहारगृहांत कामाला लागली.

श्रोत्यांनी अशा एखाद्या गृहस्थाची कल्पना करावी. मूळ गाव मडगावच्या आसपासचे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत नाव पेद्रू, शाळेच्या दाखल्यावर पीटर. पंधरा-वीस वर्षांत त्याने सहा ठिकाणी नोकरी केली. दोन वर्षे गोदामात, काही महिने एजन्सीमार्फत, मग बिस्किटांच्या कारखान्यात, मग पुन्हा गोदामात. इंग्लंडमध्ये २०१२ सालापासून टप्प्याटप्प्याने एक कायदा लागू झाला. त्यान्वये वयाची २२ वर्षे पूर्ण केलेल्या आणि ठराविक रकमेहून अधिक वेतन मिळविणाऱ्या नोकराला मालकाने आपण होऊन पेन्शन योजनेत दाखल केले पाहिजे. २०१९ सालापासून वेतनाच्या ठराविक भागावर निदान ८ टक्के वर्गणी जमा व्हावी असा दंडक आहे. त्यांपैकी किमान ३ टक्के मालकाने भरावयाचे. कायदा उत्तमच. परंतु प्रत्येक मालकाची पेन्शन कंपनी निराळी असू शकते. नोकरी बदलली की नवे खाते उघडते आणि जुने जागच्या जागी राहते.

त्या खात्यात रक्कम असते, ती गुंतविलेली असते, तिच्यात वाढही होत असते. ती कोणी चोरलेली नसते. फक्त धन्याला तिचा विसर पडलेला असतो. भाड्याचे घर बदलताना माणूस देवाची तसबीर विसरत नाही, पण पेन्शन कंपनीला नवा पत्ता कळवावयाचे हमखास विसरतो. मग वर्षाकाठी येणारे पत्र जुन्या घरी जाते आणि तेथे राहावयास आलेला नवा भाडेकरू ते न फोडताच टाकून देतो. तेथील पेन्शन धोरणाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेने २०२४ साली काढलेल्या अंदाजानुसार, ब्रिटनमध्ये अशी धनी व कंपनी यांची ताटातूट झालेली सुमारे ३३ लाख खाती होती आणि त्यांत ३१ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम पडून होती.

या दुखण्यावर काही देशांनी फार पूर्वी उपाय योजला. डेन्मार्कमध्ये १९९९ सालापासून माणसाला आपली सर्व पेन्शने संगणकाच्या एका पडद्यावर पाहता येऊ लागली. स्वीडनने त्याच वर्षी प्रत्येक नागरिकाला सरकारी पेन्शनचा हिशेब नारिंगी लिफाफ्यातून घरपोच धाडण्यास आरंभ केला. २००४ साली सरकार आणि पेन्शन कंपन्या यांनी निम्मा-निम्मा खर्च उचलून सरकारी, नोकरीतील व खाजगी अशा तिन्ही पेन्शनांचा हिशेब एकत्र दाखविणारी सोय उभारली. नेदरलँड्समध्ये ती २०११ साली झाली. तेथील मनुष्य संध्याकाळी चहा पिता पिता पाहू शकतो की, सदुसष्टाव्या वर्षी आपल्याला दरमहा साधारण काय मिळेल आणि त्यात कोणत्या नोकरीचा वाटा किती.

ब्रिटन या बाबतीत मागे पडला. २०१६ साली तेथील अर्थखात्याने अशी व्यवस्था २०१९ पर्यंत उभी करण्याचे जाहीर केले. तिला त्यांनी नाव दिले पेन्शन डॅशबोर्ड. मोटार हाकणाऱ्यापुढील फळीवर वेग, तेल, उष्णता यांचे काटे जसे एका नजरेत दिसतात, तसे हे. २०१९ उलटून गेले. कायदा २०२१ साली झाला. २०२३ साली काम पुन्हा लांबणीवर पडले. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिली जोडणी झाली आणि १०० किंवा अधिक सभासद असलेल्या योजनांना जोडले जाण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२६ ही अखेरची मुदत कायद्याने ठरविण्यात आली. ही मुदत केवळ जोडणीची. जनतेला दार उघडण्याचा दिवस निराळा.

एवढा विलंब का व्हावा? पडद्यावर आकडे उमटविणे हे यांतील अवघड काम नव्हे. अवघड आहे ते माणूस ओळखणे. सर्वांची माहिती एका मोठ्या कोठारात भरून ठेवावी असा मार्ग ब्रिटनने पत्करला नाही. कोठार फुटले तर सगळ्यांचेच नुकसान. त्याऐवजी मनुष्य प्रथम आपली ओळख पटवून देतो. मग शोध घेणारी यंत्रणा त्याचे नाव, जन्मतारीख, पत्ता आणि राष्ट्रीय विमा क्रमांक घेऊन प्रत्येक योजनेकडे एकच प्रश्न धाडते: हा मनुष्य तुमच्या वहीत आहे काय? ज्यांच्या वहीत तो सापडतो त्या योजना होकार देतात आणि त्यांचे आकडे त्या मनुष्यापुढे मांडले जातात. सरकारी पेन्शनही त्यात येते. मात्र जे पेन्शन चालू झाले आहे ते या पडद्यावर यावयाचे नाही, आणि येथून पैसे हलविताही यावयाचे नाहीत. हे केवळ पाहण्याचे दालन.

आता आपल्या पेद्रूचा विचार करावा. त्याचे आडनाव डिसोझा. हे आडनाव इंग्रजीत कोणी स्वल्पचिन्ह देऊन लिहितो, कोणी जागा सोडून, कोणी एका दमात, कोणी 'डी'च्या जागी 'डे' करून. एका मालकाच्या वहीत पेद्रू, दुसऱ्याच्या वहीत पीटर. एजन्सीतील कारकुनाने घाईत जन्माचा दिवस आणि महिना यांची अदलाबदल केलेली. संगणक बिचारा अक्षराला अक्षर लावून पाहतो. गावातल्या पाद्रीसारखा तो पेद्रूला चेहऱ्यावरून ओळखत नाही. जुळणी सैल ठेवावी तर एकाचे पेन्शन दुसऱ्याला दिसेल, घट्ट ठेवावी तर खऱ्या धन्यालाच ते दिसणार नाही. म्हणून अर्धवट जुळणाऱ्या नोंदींबाबत 'संभाव्य' असा शेरा देऊन मनुष्याला त्या योजनेशी संपर्क साधण्यास सांगावे, अशी तरतूद आहे. डेन्मार्क व स्वीडन यांना हे जड गेले नाही, कारण स्वीडनमध्ये १९४७ पासून आणि डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला एकच कायम क्रमांक आहे. ती यंत्रणा संगणकाच्या पडद्याहून कितीतरी जुनी.

बेळगावच्या ओतशाळेतून वडोदऱ्याच्या कारखान्यात आणि तेथून हैदराबादेस गेलेल्या फिटरला ही हकीगत परकी वाटू नये. आपल्याकडे भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदाला २०१४ सालापासून बारा आकडी एकच कायम क्रमांक मिळतो. मालक बदलला तरी क्रमांक तोच राहतो आणि निरनिराळ्या नोकऱ्यांची खाती त्याखाली एकत्र पाहता येतात. १९९५ च्या पेन्शन योजनेत दहा वर्षांची सेवा भरली तरच मासिक पेन्शनचा हक्क मिळतो. तेव्हा बेळगावची चार वर्षे, वडोदऱ्याची तीन आणि हैदराबादची चार ही एकमेकांना जोडली जाणे किती मोलाचे, हे उघड आहे. पुष्कळ कामगार नोकरी सुटल्यावर पेन्शनची थोडीशी रक्कम अर्ज करून काढून घेतात आणि ती चार वर्षे हिशेबातून कायमची जातात. नावातील फरकापायी अर्ज अडकण्याचे प्रकारही येथे तेच. मात्र हा क्रमांक फक्त त्या एका निधीचा. राष्ट्रीय पेन्शन योजनेचा क्रमांक त्याहून वेगळा.

स्विंडनहून कायमचा गोव्यास परतणाऱ्या माणसाची गोष्ट याहून थोडी बिकट आहे. ब्रिटनच्या सरकारी पेन्शनसाठी निदान दहा वर्षांची नोंद लागते, पूर्ण पेन्शनसाठी पस्तीस. शिवाय भारतात राहणाऱ्याच्या त्या पेन्शनमध्ये दरवर्षीची वाढ होत नाही. पहिल्या दिवशी जो आकडा मिळाला तोच पुढे वर्षानुवर्षे चालू राहतो. म्हणूनच त्या सहा लहान खात्यांना त्याच्या म्हातारपणी फार किंमत आहे. नावानिशी कंपनी ठाऊक नसेल तर मालकाच्या नावावरून पत्ता शोधून देणारे एक सरकारी कार्यालय ब्रिटनमध्ये आहे आणि ते शुल्क घेत नाही. परंतु त्यासाठी मालकाचे नाव तरी आठवावे लागते. तेव्हा विमानात बसण्यापूर्वी जुन्या पगारपत्रकांचा गठ्ठा केराच्या टोपलीत न टाकता पेटीत भरावा, आणि प्रत्येक कंपनीला गोव्याचा पत्ता, घर क्रमांक व वाड्यासह, कळवून ठेवावा.