जीपचा चौथा दांडा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला पाच मिनिटे दिली आहेत. बाहेर चिंचेखाली उभ्या असलेल्या जीपबद्दल सकाळपासून सगळे विचारत आहेत, म्हणून तिच्याबद्दलच बोलतो. शेवटी एक जुने देणेही फेडायचे आहे.

ही विलीज कंपनीची सीजे-२ए, अमेरिकेतल्या टोलेडोची. महायुद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, लष्करी जीप शेतकऱ्यालाही विकता यावी म्हणून कंपनीने हे मॉडेल काढले. १९४९ पर्यंत ते निघत होते. मला ती खामगावकडच्या एका बंद जिनिंगच्या आवारात गंजलेली मिळाली. आयुष्य एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेले, त्यामुळे इंजिनाची भीती नव्हती. अडलो एका दांड्यापाशी.

अशा जीपला तीन दांडे असतात: गिअरचा, पुढची चाके जोडण्याचा आणि हाय-लोचा. हिला चौथा होता. मिस्त्री म्हणाला, "कोणं तरी जुगाड केला असन, कापून टाका." खाली शिरून पाहिले, तर ट्रान्स्फर केसच्या मागून निघालेला शाफ्ट थेट मागच्या आडव्या पट्टीपर्यंत गेलेला. ओतीव घर, बोल्टांची नीट रांग. जुगाड असा नसतो.

एका संग्राहकाकडून जुन्या पुस्तकाची झेरॉक्स मिळवली, तेव्हा उलगडा झाला. साध्या जीपला फक्त ड्रायव्हरची सीट यायची. शेजारची सीट, मागची सीट, कापडी छत, सगळे जादा पैशांचे. त्याच यादीत पॉवर टेक-ऑफ होता, पट्ट्याची पुली होती आणि भार वाढला तरी इंजिनाची गती सांभाळणारा गव्हर्नरही होता. गाडी उभी करायची, चौथा दांडा टाकायचा, पुलीवर पट्टा चढवायचा. मग मळणी यंत्र, करवत, कुट्टी मशीन, काहीही फिरते.

कुट्टी मशीन! तिथेच माझे वाचणे थांबले.

१९७२ चा दुष्काळ. आपण आठवीत होतो. गुरुजींनी विचारले, गुरांचे कसे चालले आहे? आपला एक मित्र उठून म्हणाला, "आमचे बाबा मालकाच्या जीपवर कुट्टी कापतात." सगळा वर्ग हसला. "काय फेकून राह्यला रे!" हे सर्वांत मोठ्याने ओरडलो तो मी. पुढे वर्षभर त्याला 'जीपकुट्टी' म्हणून चिडवले. त्यानंतर त्याने वर्गात आपणहून तोंड उघडल्याचे मला आठवत नाही.

मित्रा, तू तिसऱ्या ओळीत बसला आहेस. ही तुझ्या बाबांचीच जीप, असे मी म्हणत नाही. पण तू खरे बोलला होतास, आणि ते कळायला मला पन्नास वर्षे लागली. त्या दिवशी सगळ्यांदेखत हसलो, म्हणून माफीही सगळ्यांदेखत मागतो.

आता एक काम आहे. पुली मिळाली आहे, पण पट्टा ताणायला जीप किती मागे-पुढे घ्यायची, ते त्या पुस्तकातून मला काही उमगले नाही. तू बाबांजवळ उभा राहून पाहिले आहेस. जेवण झाल्यावर चिंचेखाली ये. चावी तुझ्या हाती देतो.