मुक्काम पहाडगंज
(वासंतिक व्याख्यानमालेत पहाडगंज, दिल्ली येथे दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या दिवसांत मोठ्या विषयांवर बोलायची आपली रीत आहे. माझा विषय शाळेच्या सहलीचा आहे, आणि मला तो मोठाच वाटतो. नगर जिल्ह्यात मी नोकरीभर इतिहास शिकवला आणि डिसेंबर आला की मुलांना घेऊन दिल्ली गाठली. सहलीच्या छापील कार्यक्रमात लाल किल्ला असतो, कुतुबमिनार असतो, राजघाट असतो, आग्रा असतं. पहाडगंज मात्र असतं फक्त ‘मुक्काम’ या रकान्यात. माझं म्हणणं असं, की मुलांच्या मनात जे खोल उतरतं ते बहुतेक त्या रकान्यातच घडतं. म्हणून सहलीतली एक अख्खी संध्याकाळ तिथं मोकळी ठेवायला हवी.

खेड्यातल्या पोराला दिल्ली म्हणजे परदेशच. नवी दिल्ली स्टेशनच्या पहाडगंज बाजूला उतरलं की थंडीनं पहिला धक्का बसतो. तोंडातून वाफ निघतेय म्हणून मुलं अर्धा तास नुसतीच एकमेकांवर फुंकर घालतात. मग त्यांना दिसतं, की इथली माणसं भर दुपारी खुर्च्या टाकून उन्हात बसली आहेत. आमच्याकडे ऊन म्हणजे चुकवायची गोष्ट; इथं ते मुद्दाम बसून खायचं, सोबत शेंगा सोलत. शेंगदाण्याचं तर मुलांना फारच नवल वाटतं. घरी तो कुटून भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत जातो. इथं रस्त्यावर शेंगांचे ढीग, शेजारी गजक, आणि बाकड्याखाली टरफलांचा गालिचा.

पण सगळ्यात मोठा वाद झाला तो रताळ्यावरून. निखाऱ्यावर भाजलेली शकरकंदी, वर लिंबू आणि चाट मसाला, पानाच्या द्रोणात. एका मुलीनं द्रोण हातात घेतला आणि काळजीनं विचारलं, “सर, आज एकादशी आहे का?” तिच्या घरी रताळं उपासाखेरीज शिजलेलं तिनं पाहिलं नव्हतं. गाडीवाल्याला ते सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे नवरात्रात कुट्टूच्या पिठाच्या पुऱ्या असतात. कुट्टू कशाला म्हणतात हे मुलांना ठाऊक नव्हतं, आणि साबुदाण्याची खिचडी सोडून लोक पुऱ्या तळून उपास करतात हे तर त्यांना पटेचना. तो भाऊ भगरीबद्दल विचारत राहिला, मुलं कुट्टूबद्दल. धर्म एकच, उपासही एकच, पण पोटात जाणारं धान्य वेगळं. हे मी वर्गात सांगितलं असतं तर दोन ओळींत संपलं असतं. इथं ते निखाऱ्यापाशी उभं राहून अर्धा तास चाललं.

चहाचंही तसंच. मोठ्या मुलांनी सवयीनं ‘एकात दोन’ मागितला. चहावाल्याला आधी कळेना. कळल्यावर तो पोट धरून हसला, कारण एवढासा चहा पिऊन थंडी जाते कशी हाच त्याला प्रश्न. त्यानं अख्खे ग्लास भरून दिले.

आता लग्न. हे मला सविस्तर सांगायचंय. एका रात्री जेवण उरकून मुलं गल्लीच्या तोंडाशी आली आणि समोरून वरात आली. डोक्यावर दिव्यांची झुंबरं धरलेली माणसं, बँड, घोडीवर नवरदेव, त्याचं तोंड सेहऱ्याआड, गळ्यात नोटांचा हार. पाठीला पिशव्या अडकवलेले दोन परदेशी पाहुणे वऱ्हाडात शिरून नाचत होते. वऱ्हाडातल्या बायकांनी आमच्या मुलींनाही हाताला धरून आत ओढलं. मुलींनी फुगडी घातली! बँडवाल्यानं ठेका बदलला.

नाच संपल्यावर प्रश्न सुरू झाले. लग्न कधी लागणार? कुणीतरी सांगितलं, रात्री उशिरा, फेरे पहाटेपर्यंतही चालतील. मग पाहुणे? ते जेवून घरी जातील. ‘लग्न लागायच्या आधीच?’ आमच्या मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. अक्षता पडल्याशिवाय आपल्याकडे पंगत बसत नाही. मुहूर्ताच्या मिनिटासाठी सगळा मांडव घड्याळाकडे बघत असतो. इथं जेवण आधी, आणि खुद्द लग्नाला घरची थोडी माणसं. एक मुलगा जवळजवळ रागावून म्हणाला, “मग आहेर देऊन उपयोग काय, लग्न तर बघितलंच नाही!” दुसरी म्हणाली, “पण आपल्याकडे तरी कोण बघतं? सगळे अक्षता टाकून पंगतीकडे पळतात.” त्यावर सगळे गप्प झाले. आपल्या रीतीकडे बाहेरून पाहणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते त्या गल्लीनं शिकवलं.

मुख्य बाजारात परदेशी माणसं भेटतात ती वेगळीच. साठ-सत्तरच्या दशकात इस्तंबूल-काबूलवरून खुष्कीच्या मार्गानं हिप्पी दिल्लीत यायचे, तेव्हापासून इथल्या स्वस्त खोल्यांचं नाव जगभर झालं. आजही पाट्यांवर हिब्रू आणि कोरियन अक्षरं दिसतात. एका दुकानात दोन जपानी तरुण किंमत बोटांवर मोजत होते. उघडा पंजा घेऊन अंगठ्यापासून एकेक बोट मिटत जायचं, ही त्यांची पद्धत. आमच्या पोरांनी पेरांवर मोजून दाखवलं: एका बोटाला तीन, चार बोटांची बारा, अंगठा फिरता. ते दोघे थक्क झाले आणि तिथंच पायरीवर बसून शिकले. दुकानदारही गिऱ्हाइकं सोडून बघत राहिला.

मुलं हसतात. वेगळं दिसलं की आधी हसूच येतं, आणि शिक्षक त्यांना दटावतात. मी दटावत नाही. पंडिता रमाबाई अमेरिकेत राहून आल्या आणि १८८९ साली त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. त्यात राज्यव्यवस्था आहे तशी रोजच्या राहणीची बारीकसारीक वर्णनंही आहेत. इतकं बारीक पाहणं जमतं ते मुळात अचंबा वाटतो म्हणून. हसणाऱ्या मुलाला मी एवढंच सांगतो, की आता इथल्या लोकांना आपलं काय विचित्र वाटतं ते विचारून ये. मुलं खरंच जातात, विचारतात, आणि रात्री अंथरुणात पडल्या पडल्या सांगत राहतात.

सायकलरिक्षापाशी मात्र कुणीच हसलं नाही. धापा टाकत पायडल मारणारा आजोबांच्या वयाचा माणूस बघून मुलं बसायलाच तयार होईनात. तो म्हणाला, बसा, नाहीतर भाडं कुठून मिळेल? काही मुलं बसली आणि चढ लागला तसं उतरून मागून ढकलू लागली.

आता तुम्हा दिल्लीकर मराठी मंडळींकडे मागणं. या भागात बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नूतन मराठी शाळा आहे. महाराष्ट्रातून सहल आली की कळवायची व्यवस्था तुम्ही करा. त्या मोकळ्या संध्याकाळी दिल्लीत वाढलेली तुमची मुलं आमच्या मुलांसोबत बाजारात हिंडू देत, आणि एकेका घरानं दोन-दोन मुलं जेवायला न्यावीत. आपलं माणूस आलं म्हणून पुरणपोळीचा घाट घालू नका, ती त्यांना घरी मिळते. राजमा-चावल करा, आणि वर लाल गाजरांचा हलवा.