दोघांचं पान

(मंडळाच्या श्रावणातल्या मासिक सभेत केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं संक्षिप्त करून.)



गणपतीच्या तोंडावर स्वयंपाकावर बोलायचं म्हटलं की उकडीचे मोदक, पुरण, फार तर ऋषीची भाजी, असंच सगळ्यांना वाटतं. संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, मी बुधवारच्या रात्रीच्या जेवणावर बोलणार आहे. सण नाही, उपास नाही, पाहुणे नाहीत. घरात दोघंच आहेत आणि घड्याळात साडेसात वाजलेत. आता करायचं काय? तुम्ही हसताय, पण इथे बसलेल्या निम्म्या घरांत रोज हाच प्रश्न असतो.

आपल्यापैकी बऱ्याच घराण्यांची इंदुरातली पाचवी-सहावी पिढी चालू आहे. १८१८ साली होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली, तिच्या मागेपुढे कोणी कारकुनीला, कोणी पौरोहित्याला, कोणी शिक्षकीला आले आणि इथलेच झाले. रामबागेतली, राजवाड्याच्या आसपासची आपली जुनी घरं दहा-बारा माणसांची होती. भांडी त्या हिशेबाची, डबे त्या हिशेबाचे, आणि बाईच्या हातातला अंदाजही त्याच हिशेबाचा. आज मुलं पुण्याला, बंगळूरला, काही साता समुद्रापार. घरात उरली दोघं. भांडी बदलता येतात, हातातला अंदाज लवकर बदलत नाही. भाताचं आधण अजून सहा जणांचं पडतं.

मग होतं असं, की चार दिवस उरलेलं खाऊन कंटाळा येतो आणि पाचव्या दिवशी आपण म्हणतो, "दोघांसाठी कशाला एवढा घाट?" हे वाक्य मी फार ऐकलं आहे. ते एकदा घरात शिरलं की पान हळूहळू लहान होत जातं. आधी कोशिंबीर जाते, मग चटणी. आमटीच्या जागी रोज साधं वरण येतं, वरणाच्या जागी खिचडी आणि शेवटी चहा-टोस्ट. साठी-पासष्टीनंतर डाळ, ताक, हिरवी भाजी यांची गरज जास्त असते, आणि नेमकं तेच सगळ्यात आधी पानातून उठतं. वर आपण त्याला "आमचं हलकं जेवण" असं छान नाव देतो!

आपल्या शहरात याचा पुरावा रोज सकाळी दारात येतो. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे आपल्याला आता अंगवळणी पडलंय. २०१७ पासून सलग काही वर्षं स्वच्छतेत आपण देशात पहिला नंबर मिरवला. एक आठवडा ओल्या कचऱ्याची बादली नीट बघा. तिच्यात देठं आणि सालं किती, आणि शिजवलेला भात किती? २०२२ पासून आपल्या ओल्या कचऱ्याचा गॅस करणारा मोठा कारखाना शहरात चालू आहे आणि त्या गॅसवर बसगाड्याही धावतात. चांगलीच गोष्ट आहे. पण बस चालवण्यासाठी आपण आंबेमोहोर शिजवावा, अशी महापालिकेचीही अपेक्षा नसेल.

तेव्हा आधी हिशेबाचं बोलू. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि घरोघरी पोचली, त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांनी वाटी-चमच्याचं माप दिलं. आपणही तेच करू. दोघांना एका वेळेला अर्धी वाटी तांदूळ पुरतात. एक वाटी कणकेच्या साधारण चार पोळ्या होतात. पाव किलो भाजी दोघांना एका जेवणाला पुरून थोडी उरते. सकाळचे पोहे दोन वाट्या. मोठा कुकर माळ्यावर टाका आणि दोन-तीन लिटरचा छोटा घ्या. त्यात दोन डबे बसतात, खाली डाळ, वर भात. गॅसही वाचतो.

आणि डाळीची युक्ती सांगते. एक वाटी तुरीची डाळ शिजवा, हिंग-हळद घालून घोटा, फोडणी न देता तीन भाग करा. पहिल्या दिवशी साधं वरण, वर तूप-लिंबू. दोन भाग गार होताच फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाची चिंच-गुळाची, गोड्या मसाल्याची आमटी. तिसऱ्या दिवशी राहिलेल्या भागाची वरणफळं, म्हणजे एका भांड्यात जेवण. शिजवणं एकदाच, फोडणी मात्र रोज ताजी. चव फोडणीत असते, त्यामुळे शिळं खाल्ल्यासारखं वाटत नाही. उरलेल्या भाताचं तेवढं जपा. तो दोन तास ओट्यावर राहू देऊ नका, लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चांगला वाफवून फोडणीचा करा. कोबीचा गड्डा आणला तर अर्ध्याची हरभऱ्याची डाळ घालून भाजी, अर्ध्याची दुसऱ्या दिवशी पचडी. भाजणी, मेतकूट, दाण्याचं कूट आणि विरजण या चार गोष्टी घरात असल्या की बुधवारची रात्र निभावते. पिठलं दहा मिनिटांत होतं. वेळ कमी आहे ही सबब पिठल्यापुढे टिकत नाही.

हे मी इतकं का सांगते आहे? कारण मोदक टिकतील. पुरणपोळी विकत मिळते, श्रीखंड मिळतं, चकली बाराही महिने मिळते. पण मेतकूट-भात कोणी विकत नाही. आंबट वरण, लाल भोपळ्याचं भरीत, ताकातली पालकाची पातळ भाजी, हे रोजचं रांधणं आपल्या ओट्याबाहेर जवळजवळ कुठेच नाही. सणाचं जेवण बाजाराने सांभाळलं, रोजचं आपल्यालाच सांभाळायचं आहे. त्याबरोबर शब्दही जातात. "भात वाढ", "कालव", "ताक घुसळ", "भाजीला कूट लाव", हे शब्द मुलांना शाळेत मिळत नाहीत. आपल्यातली बरीच मुलं मराठी बोलतात ती स्वयंपाकघरातली. तिथे काही शिजलंच नाही, तर बोलायचं काय?

आता जरा अवघड भाग. पुरुष मंडळींनी कृपया चुळबुळ करू नये.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. नोकरीत मोठे अधिकारी होते. तीन वर्षांपूर्वी पत्नी गेली. तेरावं झालं, मुलगी सासरी परत गेली, आणि हे स्वयंपाकघरात उभे राहिले. फळीवर ओळीने डबे, एकावरही चिठ्ठी नाही. ज्यांचं ते घर होतं त्यांना चिठ्ठीची गरज नव्हती. यांना जिऱ्याची पूड कुठली आणि धन्याची कुठली ते वासावरून कळेना. सहा महिने सकाळी नाक्यावरचे पोहे-जिलबी, रात्री परमल-सेव. साखर वाढली, वजन उतरलं. शेवटी मुलीने रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर उभं राहून शिकवलं. आज ते उत्तम आमटी करतात. पण मला म्हणाले, "वहिनी, हे मी तिच्याकडून शिकलो असतो तर शिकताना ती समोर असती."

याच्यावर मी अधिक बोलत नाही. एवढंच म्हणते की दोघांच्या घरात दोघांनाही कुकर लावता आला पाहिजे. कोणाला गुडघ्याचं ऑपरेशन करायचं असतं, कोणाला ताप येतो, कोणी मुलीच्या बाळंतपणाला तीन महिने जातं. फार नाही, चार गोष्टी या. कुकर लावणं, कणीक भिजवणं, एक पालेभाजी आणि फोडणी. तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की जिरं, मग हिंग, शेवटी हळद आणि लगेच पुढचा जिन्नस, नाहीतर हळद करपते. आणि भगिनींनो, तुम्हालाही विनंती आहे. त्यांनी कांदा जाड चिरला तर चिरू द्या. "राहू दे, मीच करते" हे वाक्य प्रेमाचं असलं तरी ते त्यांना परत सोफ्यावर पाठवतं. आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावा. आजच.

आता बाहेर जाऊ या. इंदुरात राहून बाहेरच्या खाण्यावर बोललं नाही तर गाव वाळीत टाकेल.

दिवसा सोन्या-चांदीची दुकानं आणि ती मिटली की त्याच गल्लीत खाण्याची, असा आपला सराफा. पण जुन्या काळी सराफ्यात जायचे कोण? जेवणं झाली की पुरुष शतपावलीला म्हणून निघत आणि मध्यरात्री परत येत. बायकांच्या वाट्याला कागदाचा पुडा यायचा, त्यात गार झालेली कचोरी. माझ्या सासूबाईंचं माहेर सराफ्यापासून दहा मिनिटांवर. त्या म्हणायच्या, मला सराफा तुपाच्या वासावरून माहीत. कढईतून उतरलेली गरम जिलबी तिथेच उभं राहून त्यांनी खाल्ली ती साठी उलटल्यावर. तेव्हा नवरा-बायकोने जोडीने जाऊन एका प्लेटमध्ये खाणं ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही. आपल्या आधीच्या बायकांना ती मिळाली नाही, आपल्याला मिळाली आहे. तिची लाज कशाला?

"घरात बाई असताना बाहेर काय खायचं?" असं अजूनही कोणी कोणी म्हणतं. बाहेर खाल्लं म्हणजे घरच्या बाईची हार झाली असं मुळीच नाही. तिलाही कधीतरी दुसऱ्याच्या हातचं आयतं खावंसं वाटतं. "आज काय करू?" हा प्रश्न वर्षाला तीनशे पासष्ट वेळा, दोन वेळच्या जेवणाचा धरला तर सातशे तीस वेळा ती स्वतःला विचारते. आठवड्यातून एकदा तो तिने विचारू नये, एवढी सुट्टी तिला मिळाली पाहिजे.

आणि सराफा तर दोघांसाठीच आहे. तिथे एकट्याने गेलं तर दोन जिनसांत पोट भरतं. दोघं असली की एक दहीवडा, दोन चमचे. एक खोबऱ्याची पॅटिस, अर्धी अर्धी. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, थंडीत लिंबू-मसाला मारलेला गराडू. साखरेचा त्रास असेल तर जिलबी एकच, तीही मोडून. गर्दी झेपत नसेल त्यांच्यासाठी छप्पन दुकान आहे. तिथे आता गाड्या आत येत नाहीत, बसायलाही जागा आहे. माझे तीन नियम आहेत. वार ठरलेला असावा, काय खायचं ते एका आठवड्यात तिने ठरवावं आणि दुसऱ्या आठवड्यात त्याने, आणि मोबाइल खिशात राहावा. घरी आपण टीव्हीकडे बघून जेवतो. बाहेर निदान एकमेकांकडे बघून खावं.

एक शंका नेहमी निघते, बाहेरच्या खाण्याने आपली चव बिघडते का? पोह्यांचंच बघा. आपले घरचे कांदेपोहे फोडणीत कांदा परतून, दाणे घालून, वर खोबरं-कोथिंबीर. नाक्यावरचे पोहे उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेले, बडीशेपेचा वास, वर कच्चा कांदा, सेव, जिरावन आणि शेजारी जिलबी. साबुदाण्याची खिचडीही तशीच. घरी तूप-जिरं आणि कूट, बाहेर फराळी मिक्स्चर आणि लिंबू. पुण्याचे पाहुणे नाक मुरडतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागतात. आपल्याला दोन्ही येतात, हे आपलं भाग्य. एक आपल्या आजीकडून आलं, दुसरं या गावाने दिलं. बिघडायचं झालं तर चव बिघडते ती घरचं करणं थांबल्यावर. घरी कांदेपोहे होतात तोवर नाक्यावरचे खुशाल खावेत.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवते. एक, यंदा गणेशोत्सवात एका संध्याकाळी फक्त पुरुषांनी आमटी, भात आणि कोशिंबीर करावी. परीक्षक नकोत, बक्षीस नको, सगळ्यांनी मिळून जेवावं. दुसरी, प्रत्येक घराने आपल्याकडची एक रोजची पाककृती, सणाची नव्हे, वाटी-चमच्याच्या मापात, दोन माणसांच्या प्रमाणात लिहून द्यावी. अशा पन्नास जमल्या तर पुढच्या वर्षी स्मरणिकेसोबत एक छोटी पुस्तिका निघेल, आणि परगावच्या मुलांना ती पाठवता येईल. तीही आता बहुतेक दोघं-दोघंच राहतात, दमून येतात आणि साडेसातला तोच प्रश्न विचारतात.

गणपतीच्या नैवेद्यात एकवीस मोदक असतात. पण त्याच पानात मधोमध भाताची मूद असते, वर वरण, तूप आणि तुळशीचं पान. देवालाही आपण रोजचंच जेवण वाढतो, गोड त्याच्या शेजारी असतं. तेव्हा घरच्या दोन पानांवर डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी राहू द्या, आणि शनिवारी संध्याकाळी ओटा पुसून, दोघं मिळून सराफ्यात या. भेट झाली तर दहीवडा माझ्याकडून.

गणपती बाप्पा मोरया!