बेंबीच्या देठापासून

परदेशात वाढलेला मुलगा आपल्या मातीकडे वळला की आपण सहज म्हणून जातो, नाळ जोडली गेली. बेल्जियमचा रॅपर बालोजी याच्या बाबतीत हे इतकं सहज घडलं नाही. म्हणूनच आज त्याच्याविषयी बोलावंसं वाटलं.

बालोजीचा जन्म 1978 सालचा, लुबुम्बाशीचा. काँगोच्या दक्षिण टोकाला, तांब्याच्या खाणींवर वाढलेलं हे शहर. बेल्जियमची राजवट होती तेव्हा शहराला तिथल्या राणीचं नाव होतं, एलिझाबेथविल. मुलगा तीन-चार वर्षांचा असताना वडिलांनी त्याला बेल्जियमला नेलं. आई तिकडेच राहिली. लिएज शहरात तो वाढला, फ्रेंच बोलू लागला आणि मिसरूड फुटायच्या वयात रॅप करू लागला. 'स्टारफ्लॅम' नावाच्या गटात त्याचं नाव झालं. पुढे गट सुटला, आणि संगीतही सोडावं असं त्याच्या मनात येऊ लागलं.

त्या सुमारास एक पत्र आलं. आईचं. वीसेक वर्षांत पहिलं.

त्याचं उत्तर म्हणून त्यानं अख्खा अल्बम केला, 'हॉटेल इम्पाला'. मधल्या वर्षांत माझं काय काय झालं, ते आईला सांगणारा. पत्राला दोन ओळींचं उत्तर न देता तासाभराचं गाणं देणं जरा नाटकीच, पण रॅपरला शोभतं. मग त्यातली बरीच गाणी घेऊन तो काँगोच्या राजधानीला, किन्शासाला गेला आणि तिथल्या वादकांबरोबर ती नव्यानं बांधली. या दुसऱ्या अल्बमचं नाव 'किन्शासा सुक्युर्साल'. सुक्युर्साल म्हणजे शाखा, आपल्याकडे बँकेची असते तशी. 'घर' म्हणाला नाही, 'माहेर' म्हणाला नाही. शाखा!

यात खोच आहे. किन्शासा त्याचं गाव नव्हेच. लुबुम्बाशीपासून ते दीड हजार किलोमीटरवर. तिथे बोलतात लिंगाला, आणि याच्या जन्मगावी स्वाहिली. म्हणजे हा तिथेही पाहुणाच. आणि ज्यांच्याकडे पाहुणा गेला, त्यांच्या संगीताची कुळकथाही अशीच आडवळणाची.

काँगोचा रुंबा घ्या. इथून गुलाम म्हणून जहाजांत कोंबून क्यूबाला नेलेली माणसं आपले ताल बरोबर घेऊन गेली. तिथे त्यांत स्पॅनिश गिटार मिसळली. 1930च्या दशकात त्या संगीताच्या तबकड्या आफ्रिकेत येऊ लागल्या, आणि काँगोतल्या लोकांना ते परकं वाटलंच नाही. त्यांनी ते उचललं, लिंगालात गायलं. 'रुंबा' हा शब्द कोंगो भाषेतल्या 'एनकुंबा'वरून आला असं सांगतात. एनकुंबा म्हणजे बेंबी. शब्दाची ही व्युत्पत्ती पंडितांनी खुशाल तपासावी. मला मात्र ती ऐकल्याबरोबर पटली.

1960च्या जानेवारीत काँगोचे पुढारी स्वातंत्र्याच्या बोलणीसाठी ब्रसेल्सला जमले होते. त्यांच्याबरोबर जोसेफ काबासेले आणि त्याचा 'आफ्रिकन जॅझ' हा वाद्यवृंदही तिथे पोचला. स्वातंत्र्याची तारीख ठरली, 30 जून. आणि तिथेच एक गाणं जन्मलं, 'आँदेपाँदाँस चा चा'. काँगोच्या स्वातंत्र्याचं गाणं, ब्रसेल्समध्ये केलेलं, क्यूबाच्या नाचाच्या ठेक्यावर! त्यात पुढाऱ्यांची नावं एकापाठोपाठ एक गुंफली आहेत. पुढे पहिले पंतप्रधान झालेले लुमुंबाही आहेत, त्यांचे विरोधक चोंबेही आहेत. वर्षभरातच, 1961च्या जानेवारीत, लुमुंबांना मारलं गेलं, ते चोंबेंच्या कटांगा प्रांतात, याच एलिझाबेथविलजवळ.

स्वातंत्र्याला 50 वर्षं झाली तेव्हा बालोजीनं हे गाणं पुन्हा हाती घेतलं. चाल तीच लाडकी, कुणाचेही पाय थिरकतील अशी. वर शब्द मात्र आजच्या मुलाचे, हिशेब मागणारे. नावही बदललं. फ्रेंच आणि स्वाहिली दोन्हींत, अर्थ 'नंतरचा दिवस'. पन्नाशीच्या समारंभात कुणी असं नाव ठेवतं का? त्यानं ठेवलं.

'किन्शासा सुक्युर्साल'मधली माझी आवडती साथ मात्र 'कोनोनो नंबर वन'ची. लिकेंबे हे त्यांचं वाद्य. लाकडी पेटीवर लोखंडी पट्ट्या बसवलेल्या, अंगठ्यानं छेडायच्या. गटाचे म्होरके मिंगिएदी किन्शासात आले, तेव्हा शहराच्या गोंगाटात ही नाजूक किणकिण ऐकूच जाईना. मग त्यांनी मोटारीच्या मोडक्या भागांतली लोहचुंबकं काढली, तांब्याची तार गुंडाळली आणि लिकेंबेला वीज जोडली. आवाज फाटला, खरखरला. ती खरखर त्यांनी ठेवूनच दिली. बालोजी त्या खरखरीवर फ्रेंच शब्द फेकतो तेव्हा कळतं, की त्याला जे वारशात मिळालं तेही कुणीतरी भंगारातून जुळवून ठेवलं होतं.

आता त्याच्या नावाविषयी. बालोजी म्हणजे चेटकी. तो सांगतो, की पूर्वी या शब्दाचा अर्थ जाणकार, विद्या असलेला माणूस असा होता; मिशनरी आले आणि अर्थ काळवंडला. आपल्या 'पंचाक्षरी'चं काय झालं? पाच अक्षरांचा शिवमंत्र, आणि तो जपणारा शेवटी भुतं उतरवणारा ठरला.

पुढे तो चित्रपटाकडे वळला, आणि चेटकीपणाचा हा शिक्का तिथेही आला. 'ऑग्युर' हा त्याचा पहिला मोठा चित्रपट 2023 साली कान महोत्सवात गेला, तिथे त्याला पुरस्कारही मिळाला. त्यातला कोफी बेल्जियमहून काँगोला येतो. बरोबर गरोदर वाग्दत्त वधू, गाठीला देजाचे पैसे. घरी सगळे जमलेत. कुणीतरी त्याच्या हातात तान्हं बाळ देतं. कोफी त्याच्याकडे बघत असतो आणि अचानक त्याच्या नाकातून रक्त येऊ लागतं. एक थेंब बाळावर पडतो, आणि नातेवाईक बाळ त्याच्या हातून हिसकावून घेतात.