तोल सावरणारा खेळ

व्हिडिओ गेम म्हटलं की नातवंडांच्या नावानं बोटं मोडायची आपल्याला सवय. पण ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या संशोधकांनी हाच खेळ पासष्टीपुढच्या 769 जणांपुढे ठेवला. जमिनीवर चटई, समोर पडदा. पडद्यावर बाण दिसला की त्या दिशेच्या चौकोनात चटकन पाऊल टाकायचं, नको तिथलं पाऊल आवरायचं. आठवड्याला दोन तास, घरच्या घरी. निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ माहितीपत्रक मिळालेल्या गटात वर्षभरात 48 टक्के माणसं पडली, पावलांचा खेळ खेळणाऱ्यांत 36 टक्के. तिसऱ्या गटानं खुर्चीत बसून बुद्धीचे खेळ खेळले. त्यांचं पडणं मात्र खात्रीनं सांगण्याइतकं घटलं नाही. म्हणजे करामत पडद्याची नव्हे. पाय घसरल्यावर क्षणात कुठलं पाऊल कुठे टाकायचं, हे ठरवण्याचा तो सराव आहे.

कुणी म्हणेल, आम्ही रोज फिरतो की! फिरणं उत्तमच, पण सरळ रस्त्यावरच्या चालीत तोल क्वचितच पणाला लागतो. खेळताना पडलो तर, ही शंका रास्त आहे. म्हणून सुरुवातीला भक्कम आधार हाताशी हवा. चक्कर येत असेल, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारा. आणि हो, न्हाणीघरातली ओली फरशी कुठलाही खेळ पुसत नाही; ती आपणच कोरडी ठेवा.